सोलांनी घासलेली ट्रम्पेट

सातवीत आमच्या शाळेत बँड सुरू झाला तेव्हा इनास सरांनी सगळ्यांना मैदानावर रांगेत उभं केलं आणि म्हणाले, "ओठ बंद करा आणि फुर्र करा. म्हशी करतत तसा." झालं, अख्खा वर्ग फुर्र करायला लागला. अर्ध्यांची थुंकी पुढच्याच्या मानेवर. माझी पाळी आली तेव्हा मी नुसतं फुर्र नाही केलं. मी पहाटेची कुडाळ एसटी केली. स्टँडवर चालू होताना ती खोकते, मग पहिला गिअर पडतो, चढाला लागली की रडकुंडीला येते, आणि वळणावर समोरून टेम्पो आला की ड्रायव्हर चिडून हॉर्न देतो, ते सगळं ओठांनी. पोरं हसून आडवी झाली. सर हसले नाहीत. जवळ आले, माझ्या ओठांकडे मासळी निवडताना बघतात तसं बघितलं आणि म्हणाले, "कोणाचा गो चेडू तू?"

"खानावळवाल्या सुमनचा."

"ओठांत ताकद आसा तुझ्या. डोक्यात काय आसा ता मगे बघूया."

अशी मला ट्रम्पेट मिळाली. म्हणजे अर्धी मिळाली. शाळेकडे वाजणारी एकच होती. दुसरी कुणीतरी देणगी दिलेली, पोटात पोचा आलेली, ती ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ढालींच्या शेजारी होती. सरांची पद्धत अशी की एका वाद्यावर दोन मुलं. "होडयेक दोन वल्ही होयीच," म्हणायचे. माझ्या जोडीला केतकी. तीन दिवस ट्रम्पेट तिच्या घरी, तीन दिवस माझ्या, आणि रविवारी शाळेच्या कपाटात, कारण रविवारी सर चर्चला जाऊन देवाला आमच्यासाठी क्षमा मागतात असं ते सांगायचे.

इनास सर म्हणजे तेव्हाच सत्तरीला टेकलेला माणूस. तरुणपणी चर्चच्या फेस्तात आणि गोव्याच्या लग्नांत वाजवून वाजवून त्यांच्या वरच्या ओठावर मधोमध एक गोल वळ पडला होता, बाटलीचं बूच दाबल्यासारखा. आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून यायचे. दोन पायांमध्ये काळी पेटी. पेटीत त्यांची स्वतःची ट्रम्पेट. तिला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. हेडबाईंनी एकदा सहज म्हणून पेटी बाजूला सरकवली तर सर म्हणाले, "बाई, माझी बायको जाग्यावर ठेवा." बाईंचं तोंड दोन दिवस लाल होतं. हे मी बाईंच्या आणि सरांच्या दोन्ही आवाजांत मधल्या सुट्टीत रोज करून दाखवायची.

पहिले दोन महिने ट्रम्पेट नाहीच. नुसता माउथपीस. अंगठ्याएवढा पितळी तुकडा, तोंडाला लावायचा आणि फुर्र करायचं. बाकीच्यांना तो कंटाळा, मला तर लॉटरी. आमच्या घराच्या मागे माडाखाली धुणं धुवायचा दगड होता, त्यावर बसून मी माउथपीसवर शेजाऱ्यांचा कोंबडा केला, मासेवाल्याची सायकल केली, आणि एकदा प्रेशर कुकर केला. आई आतून पळत येऊन गॅस बंद करून गेली. भाताची तिसरी शिट्टी झाली म्हणून. त्या दिवशी पुण्याच्या चार गिऱ्हाइकांनी कच्चा भात खाल्ला आणि "कोकणात भात असाच मोकळा असतो" म्हणून कौतुकही करून गेले. आईने मात्र मला कालथा दाखवला. "चेडवान अशी गावभर तोंडा करूची नसतत. उद्या कोण तुझा खरा मानूचो नाय."

तेव्हा हे वाक्य मला नेहमीच्या बोलण्यातलं वाटलं. आई दिवसातून अशी दहा वाक्यं बोलायची आणि त्यातली नऊ मिक्सरच्या आवाजात बुडायची. आमचं घर म्हणजे सकाळपासून खोबरं वाटायचा आवाज. पुढच्या पडवीत सहा टेबलं, आत चूल आणि गॅस दोन्ही, आणि मध्ये आई ओरडते आहे, "दोन सुरमई, एक बांगडो, सोलकढी लाव!" बाबा रिक्षा चालवायचे, स्टँडवरून गिऱ्हाईक उचलायचे ते समुद्र दाखवून बरोब्बर दुपारी एक वाजता आमच्या दारात आणून सोडायचे. गिऱ्हाइकांना फोटोसाठी आवडतं म्हणून आईने पितळेचे तांबे आणि ताटं काढली होती. ती चकचकीत ठेवायचं काम माझं. सोलकढी झाली की भिजून पिळून उरलेली सोलं, म्हणजे तुमची आमसुलं, फेकायची नाहीत. एका प्लास्टिकच्या डब्यात साठवायची आणि त्यांनी पितळ घासायचं. काळाकुट्ट तांबा मिनिटभरात सोन्यासारखा होतो. आजही मी कुणाच्या घरी काळं पडलेलं पितळ बघितलं की माझे हात शिवशिवतात.

केतकी समोरच्या आळीतली. तिची आई आरोग्य केंद्रात नर्स. केतकी म्हणजे टोक काढलेली पेन्सिल. वही नीट, वेणी नीट, बोलणं हळू आणि थोडं नाकातून. मी कानाने शिकायची, ती मोजून शिकायची. एक-दोन-तीन-चार बोटांनी मांडीवर मोजायची आणि मग फुंकायची. तिच्या घरी धाकटा भाऊ झोपलेला असायचा म्हणून तिच्या वाट्याच्या दिवशीही ती ट्रम्पेट घेऊन आमच्याच दगडावर यायची. संध्याकाळी खानावळ रिकामी झाली की आई आम्हाला एकाच ताटात उरलेलं वाढायची, भात, बांगड्याचं तिखलं आणि तळाची सोलकढी. मी घास हातात धरून इनास सर करायची. "केतकी, फुंक मगो! ट्रम्पेट आसा ती, गरम चाय न्हय!" केतकीच्या नाकातून सोलकढी यायची. ती डोळे पुसत म्हणायची, "बास गो, मरतलंय मी." आता माझे नकलांचे कार्यक्रम होतात, गणपतीत, लग्नात, एकदा तर मुंबईत मोठ्या हॉलात झाला. पण माझ्यावर इतकं जीव ओतून हसणारं माणूस मला परत मिळालं नाही. हे लिहितानाही राग येतो, कारण ते खरं आहे.

जानेवारीत सरांनी निवड केली. सव्वीस तारखेला तालुक्याच्या मैदानावर सगळ्या शाळा येणार, पाहुणे मंचावर चढताना आमच्या बँडने सलामी द्यायची. सलामी म्हणजे आधी एकट्या ट्रम्पेटचे आठ सूर, तेव्हा ढोल नाही, झांज नाही, सगळं मैदान गप्प. आणि मग बाकीचा बँड. ते आठ सूर मी वाजवायचे असं सरांनी सांगितलं. केतकीला त्रिकोण दिला, लोखंडी, टिंग करून वाजतो तो. "बरा झाला," केतकी म्हणाली आणि जत्रेतून आणलेल्या तिच्या खाज्याचा अर्धा पुडा मला दिला. मी तो तिथल्या तिथे खाल्ला. आईने सव्वीस तारखेला खानावळ बंद ठेवायचं ठरवलं. आमच्याकडे सुट्टीच्या हंगामात खानावळ बंद म्हणजे कुणीतरी गेलं असं लोक समजतात. बाबांनी तर आठवडाभर रिक्षात बसणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, अगदी दिल्लीच्या माणसालाही, "मेरा लडकी सलामी देता है." मी आयुष्यात पहिल्यांदा लोकांना हसवण्यासाठी उभी राहणार नव्हते. आठ सूर आणि सगळे गप्प. मला रात्री त्या गप्पपणाचीच स्वप्नं पडायची.

आदल्या दिवशी ट्रम्पेट माझ्याकडे होती. संध्याकाळी केतकी आली. मी दगडावर बसून तांबे घासत होते, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं नाहीत पण बाबांची बहीण जेवायला येणार होती. केतकीने ट्रम्पेट हातात घेतली, उन्हात धरली. घामाने, बोटांनी ती काळवंडली होती, बोटांचे ठसे ठसे.

"गो, फाल्या मंचावरसून तहसीलदार बघतले," ती म्हणाली. "हीका पण घासूया ना."

मला लगेच पटलं. पटणारच. पितळ ते पितळ. आम्ही दोघींनी मिळून डबा पालथा केला. बाहेरून घासली, गळा घासला, फुलासारखं तोंड घासलं. ट्रम्पेट अशी निघाली की तिच्यात माझ्या दाताला लागलेली कोथिंबीर दिसत होती. मग केतकी म्हणाली, "बटणा पण भुतूरसून काळी आसत. थंय पण सोलांचा पाणी घालूया."

"सरांनी बटणा काढू नको म्हटल्यानी," मी म्हटलं. हे मी म्हटलं होतं. शपथेवर सांगते, सरांच्या आवाजात म्हटलं होतं, पण म्हटलं होतं.

"वायच घालूया. मगे पुसूया."

तिनेच एकेक बटण फिरवून काढलं, नंबर लक्षात ठेवून ओळीत मांडलं. तिची पद्धतच तशी. आम्ही ती सोलांच्या पाण्यात बुडवली, नळ्यांत पाणी ओतलं, खळखळवलं, बाहेर काढलं, आईच्या जुन्या परकराने पुसलं आणि परत बसवलं. तेल कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बटणं तेव्हा चालली. आमच्या दोघींची बोटं नखांपर्यंत लाल झाली होती. सोलांचा रंग साबणाने जात नाही, दोन दिवस घेतो.

सकाळी शाळेच्या अंगणात अजून दव होतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, कमरेला लाल पट्टा. मी ट्रम्पेट पिशवीतून काढली तेव्हा सगळ्या बँडच्या तोंडून "आ" निघाला. इनास सरही क्षणभर हसले. "अरे वा! नवरी नटयलंस." त्यांनी ती घेतली, पहिलं बटण दाबलं. बटण खाली गेलं आणि वर आलंच नाही. दुसरं दाबलं, तेही खाली बसलं, जत्रेत थकून बसलेल्या म्हातारीसारखं. सरांनी ट्रम्पेटचं तोंड नाकाशी नेलं आणि वास घेतला.

"हीका सोलकढी कोणी पाजल्यान?"

पोरं हसली. मीही हसले असते. पण मी सरांच्या तोंडाकडे बघत होते आणि ते तोंड बदलत चाललं होतं. त्यांनी बटण ओढून काढलं. त्यावर लाल चोथ्याची साय होती आणि मीठ. सोलं मिठातली असतात, ते मीठ रात्रभरात आत धरून बसलं होतं. हेडबाई आल्या. बाई शुद्ध बोलायच्या. "काय प्रकार आहे हा? कोणी केलं?"

"आम्ही दोघींनी," मी म्हटलं.

केतकी रडायला लागली. आवाज नाही, नुसती खांदे हलवून, हुंदका गिळून. मग म्हणाली, "मी नको म्हणत होते बाई. सरांनी सांगितलंय बटणं काढायची नाहीत, असं मी तिला म्हटलं. तिने ऐकलंच नाही."

मला आधी कळलंच नाही ती कुणाबद्दल बोलते आहे. माझंच वाक्य होतं ते. मी सरांच्या आवाजात म्हटलेलं वाक्य ती स्वतःच्या आवाजात म्हणत होती, आणि तिच्या आवाजात ते किती खरं वाटत होतं!

"बाई, खोटां बोलता ती," मी म्हटलं. "तिनाच सांगितल्यान. ती म्हणाली, 'बटणा पण भुतूरसून काळी आसत. वायच घालूया.'"

आणि इथे माझा घात झाला. मला कुणाचंही बोलणं माझ्या आवाजात सांगता येत नाही. आजही येत नाही, डॉक्टरांनी काय सांगितलं हे मी डॉक्टरांच्याच आवाजात सांगते. 'वायच घालूया' माझ्या तोंडून निघालं ते केतकीच्या नाकातून निघालं, हळू, मान वाकडी करून, वेणीला हात लावून. मी ठरवून नाही केलं. पण सगळा बँड फुटला. ढोलवाला तर ढोलावर डोकं टेकून हसत होता. केतकीने तोंड झाकून घेतलं आणि आता मोठ्याने रडायला लागली.

"बघा," हेडबाई म्हणाल्या. "अशा वेळीसुद्धा हिला नकला सुचतात."

"नक्कल नाय बाई, खरा सांगतंय," मी म्हटलं. ते मी माझ्या आवाजात म्हटलं, पण तेव्हा माझ्या आवाजाला कोण ओळखत होतं? पोरं आणखी हसली. त्यांना वाटलं ही आता कुणाची नवीन नक्कल.

मी सरांकडे बघितलं. सर मला ओळखतील असं वाटलं. ते केतकीकडे बघत होते. तिचे हात तोंडावर होते आणि दहाही बोटं नखांपर्यंत लाल. सरांची नजर त्या बोटांवर थांबली. मग माझ्या बोटांवर आली. मग माझ्या डोळ्यांवर. त्यांना दिसलं. मला त्यांना दिसलेलं दिसलं. सर खाली वाकले, काळी पेटी उघडली आणि स्वतःची ट्रम्पेट, जिला हेडबाईंनीही हात लावायचा नव्हता, ती उचलून त्या लाल बोटांत दिली.

"डोळे पूस गो बाय," तिला म्हणाले. "वाजवूचा आसा." आणि मला, न बघता, "तू त्रिकोण घे."

मैदानावर काय झालं ते फार नाही. पाहुणे मंचावर चढले, सगळं गप्प झालं. मला स्वप्नात पडायचा तोच गप्पपणा. केतकीने मोजून, एक-दोन-तीन-चार, आठ सूर वाजवले. सहावा जरा फाटला. लोकांना कळलाही नाही. मी त्रिकोण धरून मागच्या रांगेत उभी होते आणि पलीकडे दोरीपाशी बाबा मान उंच करून पुढच्या रांगेत मला शोधत होते. आईने मला शोधून काढलं होतं. तिच्या शेजारी केतकीची आई उभी होती आणि आईच्या कानात काहीतरी सांगत होती. आई ऐकताना माझ्याकडे बघत होती. मी त्रिकोण वाजवला, टिंग. बरोबर जागी वाजवला. माझा ताल कधी चुकत नसे.

घरी आई एवढंच म्हणाली, "नको नको म्हणत असताना केलंस? आणि वर त्या चेडवाच्या नकला करून तेका रडयलंस?" मी सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. आईने ऐकलं आणि मध्येच तोंड फिरवलं, कारण सांगता सांगता हेडबाईंचं बोलणं आलं आणि मी हेडबाई झाले. आत्या जेवता जेवता हसली. बाबा रिक्षा धुवायला गेले, धुतलेलीच होती ती. केतकी आळीतून जाताना आमच्या दारावरून जाईनाशी झाली, विहिरीकडून वळसा घालून जायची.

चार दिवसांनी इनास सर आले. दुपारची गिऱ्हाइकं उठून गेली होती. काखेत शाळेची ट्रम्पेट. गोव्याला ओळखीच्या माणसाकडे नेऊन त्यांनी ती खोलून साफ करून आणली होती. आईने टेबल पुसलं, चहा ठेवायला आत गेली. सरांनी ट्रम्पेट माझ्यासमोर ठेवली.

"वाजव."

मी हात लावला नाही. "सर, तुमी बघितलास," मी म्हटलं. "तिची बोटा तुमी बघितलास."

सरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तिची कड चाचपली. "होय," म्हणाले. "बघितलंय."

"मगे?"

"मगे काय गो. ट्रम्पेट एक, वाजवणारी दोन. दोघांक भायर काढलंय तर फुंकतला कोण? मी म्हातारो? एकाक ठेवूचा होता. ता चेडू मोडला असता. तू नाय मोडूचंस. तू आज रागावशीत, उद्या माझी नक्कल करशीत आणि हसान सोडशीत. तुझा तसा आसा, म्हणान तुका काढलंय." ते हे प्रेमाने बोलत होते. तेच सगळ्यात वाईट होतं. माझ्या पाठीवर थोपटायला त्यांनी हात पुढे केला. "पुढच्या वर्षी तूच वाजवतलंस. शब्द."

"उद्या प्रार्थनेक सगळ्यांसमोर सांगा मगे," दारातून आवाज आला. आई चहाचा कप घेऊन उभी होती. कधीपासून, माहीत नाही. "माझ्या चेडवान एकट्यान केल्यान नाय, इतक्याच सांगा."

सरांनी आईकडे बघितलं. टोपी डोक्यावर ठेवली. "बाय, झाला ता झाला. ता केतकीचा नाव आता परत कित्याक काढूचा?"

आईने चहा टेबलावर ठेवला. सरांनी तो उभ्या उभ्या प्यायला, बशीत ओतून, फुंकून. ट्रम्पेट परत काखेत घातली आणि स्कूटर सुरू केली. मी पुढच्या वर्षी बँडात नाव दिलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

पण ते पुढे. त्या दुपारी स्कूटर गेल्यावर आई माझ्यासमोर बसली. दुपारी आई बसलेली मी तोवर बघितलीच नव्हती. तिच्या हाताला मसाल्याचा वास होता. तिने माझी हनुवटी धरली आणि खूप वेळ बघत राहिली, मिक्सर बंद होता, सगळं घर गप्प.

"खरा सांगत होतंस गो तू," ती म्हणाली.

"होय."

"मगे रडलंस कित्याक नाय? वायच रडलंस असतंस तर माका कळला असता."

मला रडण्याचे सात प्रकार येत होते. आळीतल्या बायकांचे, शाळेतल्या पोरींचे, नव्या नवरीचे, सगळे. त्यातला कुठलाही एक मी त्या सकाळी अंगणात केला असता तर सगळ्यांनी मानला असता. पण तेव्हा मी खरं बोलत होते. म्हणून एकही केला नाही.